खोक्यातला युरोप आणि भिंगारच्या शेवया

आपल्याकडे 'विलायती' या शब्दाला एक वेगळंच वजन आहे. विलायती साबण, विलायती औषध, विलायती दारू... वस्तू लांबून आली की ती चांगली असणारच, असं आपलं मन आधीच ठरवून मोकळं होतं. गंमत म्हणजे आपण जिला विलायती चिंच म्हणतो ती मूळची मध्य अमेरिकेतली. आणि जे खरोखर युरोपियन माणसांबरोबर आपल्या दारात आलं, त्याला आपण कधीच परकं मानलं नाही. बटाटा, पाव, काजू, चावी, घमेलं, पगार हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आले. एकादशीला ज्या बटाट्यावर आपला उपास चालतो, तो तर या मातीतला नाहीच!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमची भिशी. पाचजणींची, दरमहा पाचशे रुपयांची. दरवेळी साडी किंवा भांडी घेऊन कंटाळा आला होता. एकीच्या मुलीनं मोबाईलवर दाखवलं, की महिन्याला अडीच हजार रुपये भरले की युरोपातल्या खाण्याच्या वस्तूंचं एक खोकं घरपोच येतं. आत काय असेल ते आधी सांगत नाहीत. तीन महिन्यांची वर्गणी. म्हणजे दरमहा प्रत्येकीचे पाचशेच.

घरोघरी यावर चर्चा झाली. एकीचे मिस्टर म्हणाले, "एवढ्या पैशात महिन्याचं तेल येतं." त्यावर शेवया-कुरडया करून विकणाऱ्या आमच्या शेजारच्या वहिनी जे बोलल्या, ते माझ्या मनात राहिलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तेल तर मी तीस वर्षं आणतेच आहे. युरोप काही मला बघायला मिळायचा नाही. निदान चव तरी कळू द्या की!" पाचजणींचं तिथंच ठरलं.

भिंगारला हे खोकं नवं नाही

तसं पाहिलं तर भिंगारला असल्या खोक्यांची जुनी सवय आहे. १२ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीनं नगरचा भुईकोट किल्ला घेतला आणि पुढे इथे इंग्रजांची छावणी वसली. छावणी म्हटली की साहेब आले, मडमा आल्या आणि त्यांच्या जिभेचे चोचलेही आले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, तसा मुंबईच्या बंदरातला माल थेट नगरच्या स्टेशनावर उतरू लागला. त्याच्या एकच वर्ष आधी, १८७७ मध्ये, आपल्या पोस्टानं व्हीपी सुरू केली होती. पार्सल हातात आल्यावर पोस्टमनला पैसे द्यायचे. आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'ची ही पणजीच म्हणायची!

लंडनमध्ये १८७१ साली लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांनी एक सहकारी संस्था काढली होती, आर्मी अँड नेव्ही नावाची. घाऊक भावात माल आणून सभासदांना द्यायचा, असा तिचा हिशेब. हिचं दुकान १८९१ च्या सुमारास मुंबईतही उघडलं. काळा घोड्याजवळची ती इमारत अजून उभी आहे. या दुकानाचा जाडजूड कॅटलॉग असे. छावणीत बसून साहेबाची बायको त्यातून मुरंबे, बिस्किटं, साबण निवडायची आणि पत्रानं मागवायची. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी जे मडमांना मिळत होतं, ते आता आम्हा पाचजणींना भिशीच्या पैशात मिळणार होतं. ही कल्पनाच मला मोठी गोड वाटली!

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, पण छावणी राहिली. १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर नगरला आलं. त्याच वर्षी लष्कराच्या कॅन्टीनचं खातंही नव्यानं उभं राहिलं. 'कॅन्टीनचं सामान' हे शब्द भिंगारमध्ये आजही आदरानं उच्चारतात. मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये कॅन्टीनला थेट आयात केलेला माल न घेण्याचे आदेश निघाले. तेव्हा आता विलायती चव हवी तर खासगी दुकान, नाहीतर असं खोकं.

पहिलं खोकं

जानेवारीत पहिलं खोकं आलं. आमच्या ओट्यावर ते उघडलं. पाचजणी, दोन नातवंडं आणि खुर्चीवर सासूबाई. आत निघालं ते असं: इटलीचा पास्ता अर्धा किलो, पाव लिटर ऑलिव्ह तेल, हिरव्या ऑलिव्हची बाटली, काळं चॉकलेट, राय नावाच्या धान्याची कडक पोळी, लोणी घातलेल्या बिस्किटांचा निळा डबा आणि रंगीत गोळ्यांची एक पुडी.

ऑलिव्ह पाहून सासूबाई म्हणाल्या, "हे काय गं, करवंदं हायेत का?" एक तोंडात घातलं आणि लगेच तोंड वाकडं केलं. "मिठात बुडवलेला कडूनिंब!" त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. ऑलिव्ह झाडावरून काढलं की खाता येत नाही, इतकं कडू असतं. ते खारात किंवा क्षारात मुरवून त्याचा कडूपणा घालवावा लागतो. आपण नाही का कैऱ्या मिठात मुरवत, त्यातलाच प्रकार. मग सासूबाईंनीच त्याच्यावर मोहरी-मेथीची फोडणी आणि लाल तिखट घातलं. दोन दिवसांत बाटली रिकामी.

राय म्हणजे आपली मोहरी नव्हे हं. हे थंड देशात होणारं, गव्हाच्या गोतातलं धान्य. स्वीडनमध्ये याच्या कडक पोळ्या पूर्वी वर्षातून काही ठरावीक वेळाच भाजत. मधोमध भोक ठेवायचं आणि काठीत ओवून आढ्याला टांगायच्या. महिनोन् महिने टिकतात. हे ऐकल्यावर सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या, "मग सोलापूरची कडक भाकरीच की ही!" खरंच तसंच आहे. जिथे रोज चूल पेटवणं अवघड, तिथल्या बायकांनी जगभर एकच युक्ती शोधली. चवीलाही ती आपल्या शिळ्या बाजरीच्या भाकरीच्या जवळ जाते. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तर झकास!

ऑलिव्ह तेलाचं काय करायचं, हा प्रश्न होता. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळं नुसती दाबून काढलेलं, म्हणजे आपल्या घाण्याच्या तेलासारखं. ते कडकडीत तापवून फोडणी दिली की त्याचा वास उडून जातो. मग एवढे पैसे कशाला मोजायचे? इटलीत ते पावाबरोबर कच्चंच खातात. आपल्याकडे जुन्या बायका कारळाच्या चटणीवर करडईचं कच्चं तेल घेतात, अगदी तसंच. आम्ही जवसाच्या चटणीवर घेऊन पाहिलं. चांगलं लागतं, पण करडईपेक्षा चांगलं लागतं असं काही माझ्या जिभेला म्हणता येईना.

चॉकलेट मात्र निर्विवाद. गोड कमी, कोकोचा कडवटपणा जास्त आणि जिभेवर ठेवलं की हळूहळू विरघळणारं. पाचजणींनी एकेक वडी खाल्ली आणि थोडा वेळ कुणीच बोललं नाही! निळ्या डब्याची बिस्किटं नातवंडांनी संपवली. डब्यात आता सुईदोरा.

आणि ती पुडी

राहिली ती रंगीत गोळ्यांची पुडी. आमच्या सासूबाई माळकरी. वयाच्या विसाव्या वर्षापासून गळ्यात तुळशीची माळ. त्या बाहेरचं काही खाण्याआधी एकच प्रश्न विचारतात, "ह्यात काय काय हाय?" आणि त्याचं उत्तर वाचून दाखवणं हे माझं काम. मागवताना आम्ही 'शाकाहारी' असा पर्याय मुद्दाम निवडला होता. तरीही पुडी फिरवून पाहिली तर मागच्या चिकट लेबलावर, अगदी बारीक, चौकोनात तपकिरी त्रिकोण. घटकांत लिहिलं होतं जिलेटीन. जिलेटीन म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ. पुडी न फोडताच बाजूला ठेवली.

आम्ही कंपनीला फोटो पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं, की 'चुकून दुसऱ्या खोक्यातला माल आला'. पुडीचे पैसे परत मिळाले, पण ते महत्त्वाचं नव्हतं. ज्या बाईनं साठ वर्षं एक नेम पाळला, तिचा नेम कुणाच्या तरी गोदामातल्या घाईमुळे मोडला असता, तर त्याचे पैसे कोण परत देणार होतं?

तेव्हा मैत्रिणींनो, आयात मालाचं लेबल वाचायला शिकायलाच हवं. युरोपातल्या मूळ वेष्टनावर आपला हिरवा किंवा तपकिरी ठिपका नसतो. तो इथे आणणाऱ्यानं चिकटवलेल्या लेबलावर असतो. घटकांमध्ये 'ई' आणि पुढे आकडा असतो. घाबरू नका, ई म्हणजे विष नव्हे. युरोपनं मंजूर केलेल्या पदार्थांचा तो नंबर आहे. पण काही नंबर लक्षात ठेवावेत. ई १२० हा लाल रंग किड्यांपासून काढतात. ई ४७१ वनस्पतीपासूनही असतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. तिथे हिरवा ठिपका आहे का, एवढंच पाहायचं. आपल्याकडे अंडं असलं तरी मांसाहाराचीच खूण लागते. केक-बिस्किटं घेताना हे लक्षात असू द्यावं.

विलायती वस्तूत चरबी आहे का, ही शंका काही आजची नाही. साबणाबाबतही लोकांना तीच धास्ती होती. म्हणूनच तर शंभर वर्षांपूर्वी गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण काढला आणि तो स्वदेशीच्या काळात घरोघरी गेला.

शेवयांचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. पास्ता शिजवायचं काम वहिनींकडे दिलं होतं. त्यांनी कोरडा पास्ता हातात घेतला, दातानं तोडला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हा तर बन्सी गहू!"

वहिनी शाळा आठवीपर्यंत शिकल्यात. पण गव्हाच्या बाबतीत त्यांना फसवणं शक्य नाही. पास्ता ज्या ड्युरम गव्हाचा करतात, त्याच जातीचा आपला बन्सी. कडक, पिवळसर, रवाळ. त्याच्या पिठाला ताण चांगला असतो, म्हणून शिजल्यावर लगदा होत नाही. इटलीत तर १९६७ सालचा कायदाच आहे, की सुका पास्ता ड्युरम गव्हाच्याच रव्याचा हवा. आपल्या आज्या शेवयांना बन्सीच हवा म्हणून हटून बसायच्या, त्या कुठल्याही कायद्याशिवाय.

मग वहिनींनी लेबलावरची किंमत पाहिली. अर्ध्या किलोला ३२० रुपये. त्यांची शेवई तेव्हा १६० रुपये किलो होती. म्हणजे चौपट! त्या गप्प झाल्या. संध्याकाळी घरी आल्या आणि म्हणाल्या, "मला सांगा, हे एवढे पैसे कशाचे?"

आम्ही दोघींनी कागद-पेन घेतलं. सातही वस्तूंच्या एमआरपी लिहून काढल्या: ३२०, ४५०, २७५, ३९०, ३४०, ४२५, १८०. बेरीज २३८०. आम्ही भरले होते २५००. म्हणजे खोकं बांधून घरी पोचवण्याचे आणि 'आत काय असेल' या उत्सुकतेचे १२० रुपये. ते फार नव्हेत. पण या एमआरपीत जहाजाचं भाडं, सीमाशुल्क, आयात करणाऱ्याचा नफा, दुकानदाराचा वाटा हे सगळं आलंच. वहिनींच्या पुतण्यानं पुण्यात चौकशी केली, तर तोच पास्ता तिथल्या मोठ्या दुकानात सवलतीत २६० ला होता.

शुल्काचं चित्र हळूहळू बदलतंय. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनस्टाइन या चार देशांशी भारतानं मार्च २०२४ मध्ये करार केला. तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात स्विस चॉकलेटवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. त्यामुळे असल्या वस्तू पुढे आपल्या गावातल्या दुकानातही दिसू लागतील.

पण वहिनींचा प्रश्न वेगळा होता. भाडं आणि शुल्क सोडा, बाकीचे पैसे कशाचे? दोघींनी ते पाकीट पुन्हा पाहिलं. त्यावर गव्हाची जात होती. कुठल्या गावचा, कसा वाळवला, किती मिनिटं शिजवायचा, हे सगळं होतं. वजन, तारीख, पत्ता होता. आणि वहिनींच्या शेवया? वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, नाहीतर गिऱ्हाइकानं आणलेल्या डब्यात. पहाटे चारला उठून रवा भिजवायचा, तिंबायचा, गच्चीवर खाटेवर वाळवायचा, कावळे-चिमण्या राखायच्या... यातलं काहीच कुठे लिहिलेलं नाही. मग गिऱ्हाईक म्हणणारच, "घरच्या घरी तर करता, दहा रुपये कमी करा की!"

त्या रात्री वहिनींनी पहिल्यांदा आपल्या मजुरीचे तास मोजले. गहू, दळण, गॅस धरून किलोमागे त्यांच्या हातात पडत होते जेमतेम चाळीस रुपये. तीस वर्षांत हा हिशेब त्यांनी केला नव्हता. कारण घरच्या बाईच्या वेळेला किंमत असते, हेच कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

दुसरं आणि तिसरं

दुसऱ्या खोक्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुरंबा, चहा, मीठ आणि परत पास्ता. मुरंबा छान, पण चहा आमच्या दुधात हरवला.

तिसरं खोकं मार्चच्या शेवटी आलं आणि त्यानं निराशा केली. नगरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. चॉकलेटवर पांढरी बुरशीसारखी साय. ती बुरशी नव्हती. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांला वितळतं आणि परत थिजताना वर येऊन पांढरं दिसतं. खाल्लं तर अपाय नाही, पण ती मजा गेली. आणि बिस्किटांची मुदत संपायला राहिले होते अवघे अठरा दिवस.

याबाबत नियम आहेत. आयात खाद्यपदार्थ बंदरातून सुटताना त्याची ६० टक्के मुदत किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं शिल्लक असावं लागतं. घरपोच माल देणाऱ्यांनाही एफएसएसएआयनं २०२४ च्या अखेरीस सांगितलं आहे, की माल देताना ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस तरी उरलेले असावेत. आम्ही हे लिहून तक्रार केली. आधी टाळाटाळ झाली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा उल्लेख केला, तसे बिस्किटांचे पैसे आले.

तीन महिने संपले, तरी वर्गणी आपोआप पुढे चालू राहणार होती. तसा मेसेज बँकेकडून आला. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की कार्डावरून अशी आपोआप रक्कम कापण्याआधी किमान २४ तास बँकेनं कळवायला हवं. त्या मेसेजमधूनच ती बंद करता येते. आम्ही लगेच केली. कंपनीच्या पानावर मात्र बंद करायचं बटण शोधायला वहिनींच्या मुलीला अर्धा तास लागला. वर्गणी सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं, याला 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं फसव्या युक्त्यांची जी यादी काढली, त्यात ही युक्तीही आहे. तेव्हा लाजायचं कारण नाही, हक्कानं तक्रार करा.

मागवण्याआधी एवढं पाहा

• वस्तूवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशाचा माल, रुपयांत एमआरपी आणि एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर हवा. हे नसेल तर घेऊ नका.
• हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण, हे खोकं उघडल्या उघडल्या बघा. घरात कुणाचा नेम असेल तर आधी विचारा.
• मार्च ते जून चॉकलेट मागवू नका.
• एमआरपीची बेरीज करा. खोक्याची किंमत त्यापेक्षा फार जास्त असेल तर सुट्या वस्तू घेतलेल्या बऱ्या.
• वर्गणी आपोआप पुढे चालू राहते का, ते आधी वाचा. बँकेचा मेसेज दुर्लक्षू नका.
• एकटीनं घेण्यापेक्षा चार-पाचजणी मिळून घ्या. खर्च वाटला जातो आणि हसणं वाढतं.

साडेसात हजारांत आम्हाला काय मिळालं? तीन दुपारी पोटभर हसलो. एक चॉकलेट जन्मभर लक्षात राहील. ऑलिव्हचं लोणचं होतं हे कळलं. कुणाला वाटेल, पैसे वाया गेले. मला तसं वाटत नाही. बाईनं स्वतःच्या जिभेसाठी महिन्याला पाचशे रुपये खर्च केले, तर त्याचा जाब द्यायची गरज नाही.

वहिनींनी एप्रिलमध्ये शेवयांचं नवं वाळवण घातलं. अन्न विभागाकडे आपल्या घरगुती व्यवसायाची नोंदणी केली. छोट्या धंद्याला ती साधी असते. अर्ध्या किलोची पाकिटं केली. त्यावर छापून घेतलं: बन्सी गव्हाच्या शेवया, उन्हात वाळवलेल्या, भिंगार. वजन, तारीख, नंबर आणि हिरवा ठिपका. किंमत ठेवली किलोला २४० रुपये. सदर बाजारातल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली आणि परत आल्या नाहीत. बाकीच्यांनी घेतल्या. कॅम्पातल्या एका फौजी कुटुंबानं माहेरी न्यायला सहा पाकिटं नेली. पुढच्या वर्षी वहिनींना खपली गव्हाच्याही करायच्या आहेत, आणि यंदाची भिशी आम्ही त्यांच्या पिठाच्या मशीनसाठी लावली आहे.